निदान दिवे (डेस्कटॉप संगणक)

डेस्कटॉप संगणक सुरू होता होता कुठे अडला हे दाखवणारे, मदरबोर्डवरचे किंवा कॅबिनेटच्या दर्शनी बाजूचे छोटे एलईडी. पडद्यावर काहीच उमटलेले नसते तेव्हा यंत्राची अवस्था कळायला बहुधा एवढेच साधन हाताशी असते. पॉवर बटण दाबल्यावर बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांची ओळीने तपासणी करते. या स्वयंतपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. एखादा दिवा लागूनच राहिला, तर तपासणी त्या टप्प्याच्या पुढे सरकलेली नाही. दिवा टप्पा सांगतो, बिघडलेला भाग सांगेलच असे नाही. हे ध्यानात न घेतल्यामुळे चांगल्या रॅम विनाकारण बदलल्या जातात.

१९८१च्या आयबीएम पीसीत बिघाडाची खूण स्पीकरच्या ‘बीप’वरून ओळखत. १९८४च्या पीसी-एटीपासून प्रत्येक टप्प्याचा क्रमांक ‘पोर्ट ८०’ या ठरावीक पत्त्यावर पाठवला जाऊ लागला. स्लॉटमध्ये खोचायचे पोस्ट कार्ड तो क्रमांक दोन अंकी आकड्यात दाखवते, आणि जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या खणात ते आजही सापडते. महागड्या मदरबोर्डवर असा आकडा आता कायमचाच बसवलेला असतो. सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्क) हे चार दिवे म्हणजे त्याचीच स्वस्त आवृत्ती. आसुस त्यांना क्यू-एलईडी म्हणते, एमएसआय ईझी डीबग एलईडी.

चारपैकी एकही दिवा लागत नसेल तर. सांगलीत विश्रामबागच्या दुकानात फोन येतो तो असा : “दादा, लाइट लागतोय, पण डिस्प्ले येत नाही.” त्यावर पहिला प्रश्न ठरलेला : “कुठला लाइट, ते जरा बघून सांगा.” बऱ्याच मदरबोर्डवर स्टँडबायचा एक दिवा असतो. वायर भिंतीच्या सॉकेटला जोडलेली असली की संगणक बंद असतानाही तो जळतो, कारण एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) ५ व्होल्टचा पुरवठा सतत चालू ठेवतो. त्यामुळे तो जळतो म्हणून एसएमपीएस ठणठणीत आहे असे ठरत नाही. १२ व्होल्टची बाजू वेगळी असते. मल्टिमीटरवर ती ११.४ ते १२.६च्या दरम्यान यायला हवी. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून पाहण्याची युक्ती सर्रास चालते, पण बिनभाराचा पंखा फिरला एवढ्यावर निकाल देऊ नये. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. आपल्याकडच्या २३० व्होल्ट पुरवठ्यावर आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब साठतो आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकतो.

सीपीयू. नव्याने जोडलेल्या संगणकात हा दिवा दिसला तर आधी प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वेगळी वायर पाहावी. ती विसरणारे पुष्कळ. वायर जागेवर असेल तर बायॉस त्या प्रोसेसरपेक्षा जुने आहे का, हा पुढचा प्रश्न. प्रोसेसर जळणे ही शेवटची शंका.

डीरॅम. सगळ्यांत जास्त भेटणारा आणि सगळ्यांत जास्त चकवणारा दिवा. उपाय ठरलेला आहे : वायर काढायची, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार घालवायचा, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या, कण झटकायचे आणि एकच रॅम परत बसवायची. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट निवडतात. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या ‘टक्’ करून बसेपर्यंत दाबणे महत्त्वाचे. अर्धवट बसलेली रॅम वरून पाहता सरळच दिसते. मार्केट यार्डातल्या हळदीच्या गाळ्यांत धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा एकत्र येतात, तिथे हा उपाय वारंवार करावा लागतो. धुळीने आधी पंख्याची जाळी पिवळी होते, मग स्लॉटची पाळी येते.

एवढ्याने दिवा गेला नाही तर नवी रॅम घ्यायला धावू नये. रॅमचे नियंत्रण करणारा भाग पूर्वी मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये होता. एएमडीने २००३मध्ये आणि इंटेलने २००८मध्ये तो डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्येच घातला. त्यामुळे सॉकेटमधली एखादी पिन वाकली किंवा प्रोसेसर नीट बसला नाही, तरी डीरॅमचाच दिवा लागू शकतो. उलट डीडीआर-५ प्रकारच्या रॅमच्या नव्या संगणकात पहिल्यांदा सुरू करताना हा दिवा काही मिनिटे जळत राहणे स्वाभाविक आहे; बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. त्या वेळी घाईने बंद-चालू करणारा माणूस तीच तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावतो.

ब्रँडेड संगणक. बँका, पतसंस्था आणि कॉलेजांत जास्त दिसतात ते डेल, एचपीचे संच. त्यांत चार दिव्यांऐवजी पॉवर बटणच लुकलुकते. डेलच्या अलीकडच्या अनेक मॉडेलांत आधी पिवळसर आणि मग पांढरी लुकलुक मोजायची असते : २ आणि ३ म्हणजे रॅम सापडली नाही, २ आणि ४ म्हणजे रॅममध्ये बिघाड, ३ आणि १ म्हणजे बायॉसच्या सेटिंग जपणाऱ्या सीएमओएस बॅटरीत, म्हणजे ३ व्होल्टच्या सीआर-२०३२ सेलमध्ये, बिघाड. एचपीत लाल आणि पांढरी लुकलुक मोजतात. तिथे ३ आणि २ या खुणेचा अर्थ रॅम तयार करण्याच्या टप्प्यातून बायॉस परत आले नाही आणि वाट पाहण्याची मुदत संपली, असा आहे. रॅम खराब आहे असे कंपनीही म्हणत नाही. खुणा मॉडेलागणिक बदलतात, म्हणून त्या-त्या मॉडेलचा तक्ता पाहावा. मोजताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला तर चूक होत नाही.

पुरात भिजलेला संगणक. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि अनेक दुकाने, कार्यालये बुडाली. अशा संगणकाला ‘लाइट तरी लागतोय का बघू’ म्हणून वायर जोडणे सर्वांत घातक. स्टँडबायचा पुरवठा लगेच बोर्डवर येतो आणि स्लॉट-सॉकेटखालच्या ओल्या गाळातून वीज वाहून तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. आधी सीएमओएस सेल काढायचा, मग गाळ धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच दिव्यांकडे पाहायचे. हिशेब हवे असतील तर डिस्क बाजूला काढावी; तीही ओली असताना चालू करू नये.

व्हीजीए आणि बूट. ग्राफिक्स नसलेल्या प्रोसेसरबरोबर, उदाहरणार्थ इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या मॉडेलांबरोबर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर व्हीजीएचा दिवा लागणारच. बूटचा दिवा म्हणजे बाकी सगळे पार पडले, पण विंडोज किंवा लिनक्स सुरू करता येईल अशी डिस्क सापडली नाही. कित्येकदा केवळ डिस्कची साटा केबल सैल असते. चारही दिवे विझलेले आणि पडदा तरीही काळा, असेही होते. कार्ड बसवलेले असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला राहून जाते. पोस्ट व्यवस्थित पार पडलेली असल्याने दिव्यांना त्याचा पत्ता लागत नाही. मागे वाकून केबल कुठे खोचली आहे ते पाहावे लागते.