व्हीपीएसवरच्या लॉगिनमागचा इतिहास

लिनक्स व्हीपीएस (होस्टिंग कंपनीच्या मोठ्या यंत्रात भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर) हाती आला की सुरुवातीला करायची कामे ठरलेली असतात: की-जोडी (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या, एकमेकींशी जुळणाऱ्या दोन फाइली) बनवा, रूटचे (सर्वाधिकार असलेल्या खात्याचे) पासवर्डने लॉगिन बंद करा, फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) लावा. यातले प्रत्येक काम कधीतरी आलेल्या अडचणीतून पुढे आले आहे. ती अडचण माहीत असली की एखादी पायरी अडल्यावर कुठे बघायचे ते कळते.

दूरच्या संगणकावर बसल्या जागेवरून काम करण्याची सोय टेलनेटने १९६९ पासून दिली. पोर्ट २३ वरून (पोर्ट म्हणजे प्रत्येक सेवेच्या जोडणीसाठी ठरलेला क्रमांक) जाणारे सगळे, पासवर्डसकट, उघड्या मजकुरात जायचे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीमधल्या आरलॉगिनने तर ओळखीच्या यंत्रांपुरता पासवर्डही काढून टाकला. समोरच्या यंत्राचे नाव विश्वासू यंत्रांच्या यादीत असले की झाले. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपून घेणारा प्रोग्राम सापडला आणि तिथल्या तातु युलोनेन यांनी त्याच वर्षी एसएसएच, म्हणजे सगळी देवाणघेवाण सांकेतिक रूपात करणारे लॉगिन, लिहिले. एफटीपीचा (फाइली पाठवण्याच्या सेवेचा) पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. पुढे त्यांच्या प्रोग्रामचा परवाना आवळत गेला, तेव्हा ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी जुनी मुक्त आवृत्ती घेऊन ओपनएसएसएच उभे केले. डिसेंबर १९९९ मध्ये, ओपनबीएसडी २.६ बरोबर, ते बाहेर आले. आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर चालते ते हेच.

व्हीपीएसमागची, एका यंत्रात अनेक यंत्रे वसवण्याची कल्पना आयबीएमच्या मेनफ्रेमइतकी जुनी. लिनक्सच्या बाबतीत महत्त्वाचा फरक एवढाच: २००५ मध्ये आलेल्या ओपनव्हीझेडमध्ये सगळ्या भाडेकरूंचा कर्नल (प्रणालीचा गाभा) एकच असतो, त्यामुळे स्वतःचे कर्नल मॉड्यूल (गाभ्याला जोडायचा भाग) चढवता येत नाही. २००३ चे झेन आणि फेब्रुवारी २००७ मध्ये कर्नल २.६.२० मध्ये दाखल झालेले केव्हीएम यांत प्रत्येकाला स्वतःचा कर्नल मिळतो. आपल्या वाट्याला काय आले आहे ते ‘सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ ही कमांड सांगते.

पासवर्ड अंदाजाने सापडतो, म्हणून की वापरायची. पण की बनवताना यादृच्छिकता अस्सल असेल तरच ती कामाची. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या ओपनएसएसएल (की बनवताना वापरला जाणारा कोड) पॅकेजमधून काही ओळी वगळल्या गेल्या आणि यादृच्छिकतेसाठी उरला फक्त प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रामला मिळणारा आकडा). एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या जेमतेम ३२,७६७ वेगवेगळ्या की बनू शकत होत्या. म्हणजे सगळ्या आधीच बनवून एकेक लावून बघता येत होत्या. हे मे २००८ मध्ये उघड झाले आणि जगभरच्या सर्व्हरवरच्या की बदलाव्या लागल्या. इतकी साधी चूक दीड वर्षाहून अधिक काळ कुणाच्या लक्षात आली नाही, हे आजही अस्वस्थ करते.

बरोबर की असूनही ‘परमिशन डिनाइड’ येते, त्याचे नेहमीचे कारण परवानग्या. आपल्या होम फोल्डरमध्ये किंवा ‘.एसएसएच’ फोल्डरमध्ये इतरांना लिहिता येत असेल, तर सर्व्हर की नाकारतो. ‘.एसएसएच’ फोल्डरला ७०० (फक्त मालकाला सगळे अधिकार) आणि त्यातल्या ‘ऑथराइज्ड_कीज’ला (मान्य कींच्या यादीला) ६०० (फक्त मालकाला वाचणे-लिहिणे) ठेवा. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेले असते, क्लायंटला ते दाखवले जात नाही.

ऑगस्ट २०१५ मधल्या ओपनएसएसएच ७.० पर्यंत रूटला पासवर्डने आत येण्याची मूळ मुभा होती. त्या आवृत्तीत ती काढली, तरी जुनी सेटिंग्ज आणि जुनी मार्गदर्शने टिकून आहेत. अलीकडच्या उबुंटू आणि डेबियनवर आणखी एक अडसर असतो. ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ या एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलच्या सुरुवातीलाच ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमधल्या फाइली वाचल्या जातात आणि आधी वाचलेली किंमत कायम राहते. तिथल्या क्लाउड-इनिटच्या (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलने पासवर्ड चालू ठेवला असेल, तर मुख्य फाइलमध्ये ‘नो’ लिहून काही होत नाही. ‘सुडो एसएसएचडी -टी’ (मोठी टी; सुडो म्हणजे रूटच्या अधिकाराने चालवणे) प्रत्यक्षात लागू असलेली सेटिंग्ज दाखवते.

यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करण्याआधी पोर्ट २२ ला परवानगी द्या, आणि सेटिंग बदलल्यावर चालू सत्र बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा. तरीही बाहेर अडकलात, तर पुरवठादाराच्या पॅनेलमधला कन्सोल नेटवर्क आणि एसएसएच दोन्ही टाळून थेट आत नेतो. तिथे मात्र की चालत नाही, पासवर्डच लागतो. म्हणून एसएसएचवर पासवर्ड बंद केला, तरी सुडो वापरणाऱ्या खात्याला भक्कम पासवर्ड आधीच देऊन ठेवा.