जोडनळी (घरगुती पाणीपुरवठा)

जोडनळी : भिंतीतून आलेल्या पाण्याच्या जोडाला बेसिनचा नळ, कमोडची टाकी, गीझर किंवा कपडे धुण्याचे यंत्र जोडणारी आखूड, बहुधा लवचिक नळी. बोलीत ‘कनेक्शन पाइप’. भिंतीतली नळजोडणी दीर्घकाळासाठी असते. जोडनळी मात्र झिजणारा आणि वेळेवर बदलायचा भाग आहे.

सर्वाधिक वापरातील प्रकारात आत रबराची (बहुधा ईपीडीएम हे कृत्रिम रबर), पीव्हीसीची किंवा पेक्स या प्लास्टिकची नळी, तिच्यावर स्टेनलेस पोलादी तारेची वीण आणि दोन्ही टोकांना दाबून बसवलेली टोपी व फिरता पितळी नट असतो. पाणी अडवते ती आतली नळी, दाब पेलते ती वीण. गुळगुळीत तांब्याची नळी जास्त टिकते, पण वारंवार वाकवल्यास कडक होऊन चिरते.

आटे : निवड चुकते ती बहुधा लांबीत नव्हे, तर आट्यांत. ‘अर्धा इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जोडावर अर्धा इंच कोठेही मोजता येत नाही. बीएसपी या ब्रिटिश पद्धतीत बाहेरच्या आट्यांचा व्यास २०.९५५ मिमी. भरतो. हे नाव जुन्या लोखंडी नळाच्या पोकळीचे आहे. आट्यांचा आकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीतला, म्हणजे ५५ अंश कोनाचा. एनपीटी या अमेरिकी पद्धतीच्या आट्यांचा कोन ६० अंश व अर्ध्या इंचाला व्यास २१.३४ मिमी. घोळ असा, की अर्धा व पाऊण इंच या दोन्ही मापांत दोन्ही पद्धतींचे आटे इंचाला १४ च आहेत. त्यामुळे परका नट दोन-तीन फेरे सहज चढतो, मग अडतो. पान्ह्याने रेटल्यास बसल्यासारखा वाटतो आणि थोड्याच दिवसांत पाझरू लागतो.

आटे समांतर (आयएसओ २२८) की निमुळते (आयएसओ ७), हाही भेद महत्त्वाचा आहे. निमुळत्या जोडात गळती आट्यांमध्येच थांबते, म्हणून तेथे टेफलॉन टेप लागते. जोडनळीच्या फिरत्या नटाचे आटे समांतर असतात. तेथे पाणी रोखतो तो वायसर, आटे फक्त दाब देतात. अशा नटावर टेपचे वेढे देण्याची पद्धत सर्रास दिसते. तिचा उपयोग नाही, उलट जाड थरामुळे नट पुरता बसत नाही. हाताने घट्ट करून पान्ह्याने पाव ते अर्धा फेरा बहुधा पुरतो. प्लास्टिकचा नट हातानेच आवळावा.

जलाघात : कपडे किंवा भांडी धुण्याच्या यंत्रातील विद्युत्‌ झडप क्षणार्धात मिटते आणि वाहते पाणी अडून नळात धक्का बसतो. दाबवाढ ही पाण्याची घनता, नळातील दाबलहरीचा वेग व प्रवाहाच्या वेगातील घट यांच्या गुणाकाराएवढी असते. हे सूत्र न्यिकलाय झुकोव्हस्की यांच्या नावे ओळखले जाते. त्यांचे मॉस्कोतील प्रयोग १८९७-९८ च्या सुमाराचे. तथापि रक्तवाहिन्यांतील नाडीलहरींचा अभ्यास करताना योहानेस फोन क्रीस यांनी तेच सूत्र १८८३ मध्ये दिले होते. सूत्राचा अग्रमान फोन क्रीस यांच्याकडे जातो असे मानणे अधिक योग्य दिसते. रूढ नाव मात्र बदललेले नाही. सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी कडक नळात एकदम थांबले, तर दाब १४ ते १५ बारने वाढतो, म्हणजे सुमारे दीडशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. रबरी नळीत लहर मंद असल्याने धक्का कमी होतो, पण प्रत्येक धुण्यात तो अनेकदा बसतो.

दोष व तपासणी : गळती दिसते तेथेच असते असे नाही, पाणी वीणीवरून ओघळून खालच्या नटाशी थेंबते. सगळे पुसून कोरडा कागद वरून खाली एकेका जोडाला टेकवावा. पहिला ओला डाग खरी जागा दाखवतो. वीणीतून तुटक्या तारांची टोके बोटाला टोचू लागली, तर नळी लगेच बदलावी. तारा तुटण्याचे एक कारण क्लोराइड : बेसिनखाली ठेवलेल्या ब्लीच किंवा आम्लयुक्त क्लीनरच्या वाफा स्टेनलेस पोलादालाही खातात. पितळी नटावर पांढुरकी पूड व खाली तांबूस सच्छिद्र भाग दिसणे हे पितळातून जस्त निघून गेल्याचे लक्षण. पाण्यात काळे बारीक कण आले, तर आतले रबर पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरीन किंवा क्लोरामाइनने विरत असल्याची शंका घ्यावी.

धार मंद झाल्यास आधी यंत्राच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवावी. नंतर नळीला मोड पडला आहे का ते पाहावे. टोपीला लागूनच वळवलेली नळी आत चपटते. छतावरच्या टाकीतून पाणी येत असेल, तर १० मीटर उंचीला जेमतेम १ बार दाब मिळतो. टाकी यंत्राच्या ३ मीटरच वर असेल, तर नळी बदलून फरक पडणार नाही.

दुहेरी भिंतीच्या, फुटल्यास प्रवाह तोडणाऱ्या जोडनळ्याही मिळतात. यंत्रांच्या नळीसंचांसाठी आयईसी ६१७७० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. नव्या यंत्राला सोबत आलेलीच नळी लावावी, जुनी पुन्हा वापरू नये, अशी सूचना यंत्राच्या माहितीपुस्तिकेत बहुधा असते.