पाऊस गेल्यावर वाढणारी मालदांडी

नोव्हेंबर संपत आला की मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाचा थेंब नसतो, तरी ज्वारी पोटरीत येते, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी पानांच्या आवरणात फुगतं. ती उभी असते सप्टेंबरच्या ओलीवर. सोलापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस त्याच महिन्यात पडतो. मीटरभर खोल भारी जमीन त्यातलं साधारण 200 मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते.

या कोरडवाहू रानासाठीच 1930च्या दशकात मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रावर मालदांडी या स्थानिक ज्वारीतून 'एम 35-1' हा वाण निवडला गेला. तो आजही पेरला जातो. 2016मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. फार आधी पेरलं तर खोडमाशीची अळी पोंगा, म्हणजे रोपाचा मधला कोवळा कोंब, खाते आणि तो वाळतो; हीच पोंगेमर. उशीर झाला तर वरची ओल उडते, उगवण विरळ होते. हेक्टरी 10 किलो बियाणं, काणी हा कणसातल्या दाण्यांचा बुरशीरोग येऊ नये म्हणून किलोमागे 4 ग्रॅम गंधक, दोन ओळींत 45 सेंटिमीटर. रान हलकं, मुरमाड असेल तर मालदांडीचा हट्ट नको. तिथे फुले अनुराधासारखा लवकर येणारा वाण बरा.

खरं नुकसान मात्र भेगांतून होतं. काळी माती सुकताना आकसते, भेगा खोल जातात, खालची ओल त्यांतून उडते आणि मुळ्याही तुटतात. म्हणून ओळींमधली माती वरवर हलवणाऱ्या कोळपण्या तीन: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्याने, भेगा बुजवण्यासाठी. तण दिसत नाही म्हणून नेमकी हीच टाळली जाते. आमच्या मते कोरडवाहू ज्वारीत याहून महाग पडणारा आळस नाही.

ओल संपली आणि दाणा भरायचा राहिला, की ताट, म्हणजे ज्वारीचं झाड, स्वतःच्या खोडातली साखर कणसाकडे ओढतं. कमजोर झालेल्या खोडात मातीतली बुरशी शिरते, हाच खडखड्या रोग. ताट बुडाशी उभं चिरून पाहा: गर गेलेला, नुसते धागे उरलेले, त्यांवर काळे बारीक कण. अशी ताटं वाऱ्याने लोळतात, दाणा बारीक राहतो, कडब्याची, म्हणजे वाळलेल्या ताटांच्या वैरणीचीही किंमत जाते. एकच पाणी देण्याची सोय असेल तर ते पेरणीनंतर 50 ते 55 दिवसांनी, पीक पोटरीत असताना द्यावं.