ठेचा खाल्ल्यावर आग नेमकी कुठे लागते?

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो, आणि तिखट ही एक चव आहे. पाककृतींच्या व्हिडिओंत ही दोन वाक्यं हमखास ऐकू येतात आणि दोन्ही चूक आहेत. तिखटपणा आणणारं कॅप्सायसिन तयार होतं ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या गरात. बियांना ते नुसतं माखलेलं असतं. आणि षड्रसांत ‘कटू’ला, म्हणजे तिखटाला, मानाचं पान असलं, तरी जिभेवरच्या रुचिकलिकांना तिखट कळत नाही. मिरच्या चिरलेला हात डोळ्याला लागला तर डोळाही झोंबतो. तिथे कुठे आहेत रुचिकलिका? ही खबर नेतात वेदनेचे चेतातंतू. ‘तोंड भाजलं’ असं आपण म्हणतो, ते चेतातंतूंच्या लेखी शब्दशः खरं असतं.

मिरची चेतातंतूंना चटक्यासारखी का वाटते, हे कोडं 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सुटलं. ज्युलियस न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचे. बर्कलीत यीस्टवर पीएच.डी., मग कोलंबिया विद्यापीठात रिचर्ड अ‍ॅक्सेल यांच्याकडे सेरोटोनिन या चेतापेशींत निरोप नेणाऱ्या रसायनाच्या ग्राहीचं (ते रसायन ओळखणाऱ्या प्रथिनाचं) जनुक हुडकण्याचं काम, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोतलं कॅलिफोर्निया विद्यापीठ. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. ‘मिरचीमुळे नोबेल’ हा मथळा खपतो, पण खरी करामत हुडकण्याच्या पद्धतीत आहे.

कॅप्सायसिन लागलं की वेदनेच्या चेतापेशीत कॅल्शियम घुसतं, एवढं आधीच ठाऊक होतं. ते ज्या दारातून घुसतं त्याचं जनुक मात्र कोणालाच सापडलेलं नव्हतं. ज्युलियस, मायकेल कॅटरिना आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेरुरज्जूशेजारच्या चेतागुच्छांतून आरएनए, म्हणजे पेशीत चालू असलेल्या जनुकांची नक्कल, काढला. कारण तिथल्या पेशींत हे जनुक चालू असणारच. त्या आरएनएच्या डीएनए प्रती बनवल्या आणि त्यांचे सुमारे 16,000 प्रतींचा एक असे गट पाडले. एकेक गट माणसाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींत घातला. या पेशी मुळात कॅप्सायसिनला दाद देत नाहीत, म्हणूनच त्या निवडल्या. पेशींत फ्युरा-2 हा चमकणारा रंग भरला. कॅल्शियम चिकटलेला फ्युरा 340 नॅनोमीटरच्या प्रकाशात जास्त उजळतो आणि न चिकटलेला 380 च्या. दोन्हींचं गुणोत्तर घेतलं की पेशीत रंग कमीजास्त भरला गेला तरी मोजमाप बिघडत नाही. पेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण दहा हजार पटींनी कमी असतं, त्यामुळे दार किंचित किलकिलं झालं तरी ते लगेच दिसतं.

मग कॅप्सायसिन सोडायचं आणि बघत बसायचं. एका गटातल्या मोजक्या पेशी उजळल्या. तो गट फोडून लहान गट केले, पुन्हा तपासले, पुन्हा फोडले, शेवटी हाती एकच जनुक उरेपर्यंत. यात जुगार होता. दार दोन वेगळ्या जनुकांच्या प्रथिनांनी मिळून बनत असतं, तर गट फोडताच ती दोघं वेगळ्या नळ्यांत गेली असती आणि उजेड कायमचा विझला असता. नशिबानं एकच जनुक पुरेसं निघालं. ते बनवतं त्या प्रथिनाला आज टीआरपीव्ही-1 म्हणतात.

पुढे त्यांनी कॅप्सायसिनऐवजी नुसती उष्णता दिली, आणि सुमारे 43 अंश सेल्सियसला तेच दार उघडलं. चटका आणि ठेचा एकाच कडीला हात घालतात! सूज आली की ही मर्यादा खाली येते. म्हणून उन्हानं होरपळलेल्या त्वचेवर कोमट पाणीही पोळतं. पक्ष्यांमधलं हेच प्रथिन उष्णतेला उघडतं, पण कॅप्सायसिनला जवळपास दाद देत नाही. पोपट मिरची मजेत खातो तो यामुळेच.

दृष्ट काढताना मिरच्या जाळून ‘ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती’ असं सांगतात. मिरची धुमसली तर कॅप्सायसिनचे सूक्ष्म कण हवेत उडून घशातल्या याच दारांवर बसतात. भडकलेल्या जाळात ते जळून जातं, किंवा धूर खिडकीबाहेर जातो. ठसका ठरतो जाळ आणि वाऱ्यावर.

दार बंद करणारं औषध दिलं की वेदना संपेल, हा हिशेब मात्र फसला. काही औषधांच्या चाचण्यांत रुग्णांचं तापमान वाढलं, कारण शरीराचं तापमान सांभाळण्यातही हे प्रथिन भाग घेतं. शिवाय गरम वस्तू गरम लागेनाशी झाली, म्हणजे भाजण्याची भीती. उलटा मार्ग चालला: 8 टक्के कॅप्सायसिनची पट्टी नागिणीनंतरच्या वेदनेवर तासभर लावायची. दार इतका वेळ उघडं राहतं, की कॅल्शियमच्या भारानं त्वचेतली चेतातंतूंची टोकं निकामी होतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा वाढतात. पट्टी लावणाऱ्यानं नायट्राइलचे हातमोजे घालायचे. लॅटेक्सचे चालत नाहीत, कॅप्सायसिन त्यांतून आत झिरपतं.