करवतीपासून लेझरपर्यंत: जिगसॉ पझलच्या कटिंगची पार्श्वभूमी

परवा मैत्रिणीने विचारलं, हजार तुकड्यांचं एक पझल 400 रुपयांना मिळतंय आणि दुसरं 2000 ला, दोन्हीवर तोच तलाव तेच डोंगर, मग फरक कशाचा? तिला फोनवर सांगायला लागले आणि लक्षात आलं की नीट सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. कारण पझल चांगलं की वाईट हे आपण ज्या गोष्टींवरून ठरवतो, म्हणजे तुकडा घट्ट बसतो का, चुकीच्या जागीही बसतोय का, पिशवीत भुसा किती निघाला, त्यातल्या बहुतेक गोष्टी ते कापलंय कसं यावर असतात, आणि कापायची पद्धत अडीचशे वर्षांत मोजून तीन-चारदा बदललीये.

आपल्याकडे बऱ्याच घरांत तो लाकडी भारताचा नकाशा असायचा बघा, प्रत्येक राज्य सुटं, उचलायला छोटी गुंडी, मध्य प्रदेश हाताला लगेच सापडायचा आणि गोव्याचा इवलासा तुकडा सोफ्याखाली गेलेला असायचा. जिगसॉचा मूळ अवतार अगदी हाच आहे. लंडनमध्ये 1760 च्या दशकात जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा माणूस होता, थॉमस जेफरीज या नामांकित नकाशाकाराकडे उमेदवारी केलेला, त्याने छापील नकाशे महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवून देशांच्या सीमेवरून बारीक करवतीने कापले आणि मुलांना भूगोल शिकवायला म्हणून विकायला काढले. तेव्हा त्याला जिगसॉ म्हणत नव्हते, 'डिसेक्टेड मॅप' म्हणजे कापलेला नकाशा म्हणायचे. जग, चार खंड, इंग्लंड-वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड असे आठ विषय त्याच्याकडे होते आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काही नकाशे समुद्राशिवाय मिळायचे, लाकूड कमी लागतं म्हणून ते स्वस्त. म्हणजे किंमत कमी करायची तर कुठे हात आखडायचा हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे!

स्पिल्सबरीने हे धंदा म्हणून केलं एवढं नक्की, पण कल्पना पूर्ण त्याचीच होती असं आता अभ्यासक मानत नाहीत. त्याच सुमाराला लंडनमध्ये शिकवणाऱ्या मादाम द बोमाँ या फ्रेंच शिक्षिका लाकडी नकाशे वापरत होत्या, आणि राजे तिसरे जॉर्ज यांच्या मुलांना सांभाळणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांच्याकडे असे नकाशे ठेवायचं खास कपाटच होतं. स्पिल्सबरी 1769 मध्ये गेला, तिशीच्या आसपासच होता. त्याच्या तुकड्यांना आजच्यासारखं बाहेर आलेलं टोक आणि आत गेलेली खाच नव्हती, नुसते शेजारी शेजारी ठेवायचे. आणि कामाचा दर्जा बघायचा तर एकच गोष्ट बघायची, करवत सीमारेषेवरून नीट गेलीये का. (नकाशाचं पझल जुनं होतं ते वेगळ्याच कारणाने. आमच्या घरातल्या लाकडी नकाशात तेलंगणा नाही, आणि 2019 नंतर वरचा भागही बदलला. तरी तो टाकवत नाही.)

पुढची शंभर-सव्वाशे वर्षं हे लहान मुलांचंच साधन राहिलं, नकाशांच्या जोडीला बायबलमधल्या गोष्टी आणि इंग्लंडच्या राजांची चित्रं आली, त्यात फार रमत नाही. मोठ्यांना नाद लागला तो 1907-08 नंतर अमेरिकेत, आणि लागला तो असा की पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने 1909 मध्ये बाकीचे सगळे खेळ थांबवून अख्खा कारखाना पझलला लावला. ही पझलं लाकडीच, करवतीने एकेक तुकडा कापलेली. कापणाऱ्या सगळ्या बायका होत्या, त्यांना घेतलं कारण पायाने चालवायच्या शिलाई मशीनची सवय असल्यामुळे पायाची करवतही त्यांच्या हाताखाली नीट चालायची, आणि दिवसाला 1400 तुकडे कापायचे असा हिशोब होता. 1400! ज्याने घरी मशीनवर साधी गोल गळ्याची पट्टी लावून बघितलीये त्याला कळेल की वळणावर पाय आणि हात एकत्र सांभाळणं म्हणजे काय, आणि इथे तर प्रत्येक तुकडा वळणच.

ही पझलं अवघड होती ती कापणारीच्या डोक्यामुळे. ती रंगाच्या कडेवरून कापायची, म्हणजे लाल छप्पर संपतं तिथेच तुकडा संपतो आणि निळं आकाश दुसऱ्या तुकड्यावर, त्यामुळे या तुकड्याला लागून काय येईल याचा काहीच पत्ता लागत नाही. डब्यावर चित्र नसायचं, फक्त नाव, आणि ते नावही कधी कधी मुद्दाम फसवं. तुकडे एकमेकांत अडकत नसल्यामुळे कोणी जोरात शिंकलं किंवा बाही लागली की संध्याकाळभराची मेहनत विस्कटायची. मध्येच पक्षी, कुत्रा, अक्षर अशा आकाराचे तुकडे घालायची पद्धत पार्करने पुढे आणली. हे सगळं छान, पण 500 तुकड्यांचं पझल 1908 मध्ये साधारण 5 डॉलरला पडायचं आणि सामान्य कामगाराचा महिन्याचा पगार 50 डॉलर. महिन्याच्या पगाराचा दहावा भाग एका पझलला, हे आपल्या पगाराशी लावून बघा म्हणजे ते कोणासाठी होतं ते कळेल. श्रीमंतांच्या सुट्टीतल्या बंगल्यांमध्ये ते जास्त दिसायचं ते यामुळेच.

मग महामंदी आली आणि सगळं उलटं झालं. एकीकडे काम गेलेले सुतार आणि आर्किटेक्ट घरी करवत लावून पझलं कापायला लागले, ती वाचनालयातून आणि औषधाच्या दुकानातून भाड्यानेही मिळायला लागली. दुसरीकडे पुठ्ठ्याची, डायने कापलेली पझलं मोठ्या प्रमाणावर निघाली. 1932 च्या शरद ऋतूत 'जिग ऑफ द वीक' म्हणून दर आठवड्याला नवीन पझल यायला लागलं, 25 सेंट, बुधवारी पेपरच्या स्टॉलवर, आणि लोक वाट बघायचे. टूथब्रश घेतला की पझल फुकट असली जाहिरातही तेव्हाचीच. 1933 च्या सुरुवातीला अमेरिकेत आठवड्याला 1 कोटी पझलं खपत होती. हातात पैसा नाही, बाहेर जायची ऐपत नाही, पण एकदा घेतलेलं पझल घरातले सगळे मिळून करतात, मोडून पुन्हा लावतात, शेजारी देतात. आणि कामधंदा नसलेल्या माणसाला संध्याकाळी एक गोष्ट पूर्ण झालेली दिसते, याचं मोल मला तरी खूप वाटतं.

डाय म्हणजे काय हे ज्यांनी प्रिंटिंग प्रेसमध्ये लग्नपत्रिकेचं पंचिंग होताना बघितलंय त्यांना सांगायला नको. लाकडी फळीत स्टीलच्या धारदार पट्ट्या हव्या त्या आकारात वळवून बसवायच्या आणि चित्र चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर जोरात दाबायच्या, एका दाबात पझल तयार. शंकरपाळं कातण्याने एकेक कापणं आणि सगळा साचा एकदम दाबणं एवढा फरक. यामुळे पझल गरिबाच्या घरात आलं. पण आज आपण ज्या ज्या तक्रारी करतो त्याही इथूनच सुरू झाल्या.

पहिलं म्हणजे करवतवाली चित्र बघून कापायची, डायला चित्र दिसत नाही. डाय बनवणं महागडं काम, म्हणून एकच डाय कितीतरी चित्रांना वापरतात. याचा एक सुंदर उपयोग टिम क्लाइन हा अमेरिकन कलाकार करतो, एकाच कंपनीची, एकाच डायची दोन जुनी पझलं घेऊन त्यांचे तुकडे एकमेकांत बसवतो आणि तिसरंच चित्र तयार होतं, कारण तुकडे सगळीकडे अगदी तेच! दुसरं, पट्ट्या आडव्या-उभ्या टाकून जाळीसारखा कट काढणं सोपं, मग सगळे तुकडे साधारण एकाच मापाचे, दोन टोकं दोन खाचा, आणि आकाशाच्या भागात एक तुकडा चार ठिकाणी बसल्यासारखा वाटतो. हा खोटा बसणारा तुकडा म्हणजे स्वस्त पझलचा सगळ्यात मोठा दोष, शेवटी पाच तुकडे हातात राहतात आणि कुठे चुकलं ते शोधायला अर्धं आकाश उचकटावं लागतं. जाळीमुळे आकडाही फिरतो, 1000 लिहिलेल्या कितीतरी पझलमध्ये 38 गुणिले 27 म्हणजे 1026 तुकडे असतात, 500 च्या डब्यात 513. ही फसवणूक नाही, चित्राच्या लांबी-रुंदीत तुकडे चौरसासारखे यावेत म्हणून ते तसं येतं.

तिसरं, डायची धार जाते. धार बोथट झाली की पुठ्ठा कापला न जाता फाटतो, मग कडा दोऱ्या निघाल्यासारख्या होतात, तुकडे एकमेकांना चिकटून येतात आणि पिशवीच्या तळाशी कागदाचा भुसा साठतो. डबा उघडल्यावर मी आधी तोच बघते.

लाकडी पझल काही मेलं नाही मात्र. 1932 मध्येच न्यूयॉर्कमध्ये फ्रँक वेअर आणि जॉन हेन्रिक्स या काम नसलेल्या दोन तरुणांनी 'पार' या नावाने हाताने कापलेली पझलं करायला घेतली, समुद्रघोड्याच्या आकाराचा तुकडा ही त्यांची सही, आणि ती अतिश्रीमंतांची आवड झाली. इंग्लंडमध्ये 1933 मध्ये लाकडी पझल घरपोच भाड्याने देणारी लायब्ररीच निघाली, तिथेही डब्यावर चित्र नाही. ही लायब्ररीची कल्पना आपल्याकडे पुण्या-मुंबईत चालायला हवी असं मला कायम वाटतं, कारण एकदा लावलेलं पझल कपाटात पडून राहण्यात काहीच अर्थ नाही.

पुठ्ठ्याचं पझल चांगलं करता येतं हे खरं दाखवलं 1960 च्या दशकाने. जर्मनीतल्या रेव्हन्सबर्गरने, 1883 पासूनचं प्रकाशनगृह ते, 1964 मध्ये पझल काढायला सुरुवात केली, जाड बोर्ड, चमक न मारणारा कापडासारखा पोत असलेला कागद, आणि डायच्या पट्ट्या अजूनही हाताने वळवलेल्या, म्हणजे हाताची कला करवतीतून डायमध्ये आली असं म्हणा. अमेरिकेत स्प्रिंगबॉक या कंपनीने त्याच दशकात जॅक्सन पोलॉकच्या रंग शिंपडलेल्या 'कन्व्हर्जन्स' चित्राचं पझल काढलं, फक्त 340 तुकडे, पण जगातलं सगळ्यात अवघड म्हणून गाजलं.

तर मैत्रिणीला शेवटी हेच सांगितलं की डबा उघडल्यावर दहा-बारा तुकडे जोडून बघ. एका कडेला धरून उचल, चांगल्या कटचा तेवढा पट्टा सुटत नाही. तुकड्याची जाडी साधारण 2 मिलिमीटर हवी, त्याहून पातळ असेल तर दोनदा लावल्यावर टोकं मऊ पडतात. नखाने कोपऱ्याला हळूच उचकून बघ, वरचा कागद सुटायला लागला तर ते पझल पुन्हा लावता येणार नाही. दिव्याखाली तिरकं धरून बघ, चकाकत असेल तर रात्री डोळे दुखतील. आणि आपल्याकडे एक गोष्ट युरोपातले लोक सहसा सांगत नाहीत ती म्हणजे पावसाळा. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये पुठ्ठा दमट हवा पितो, फुगतो, अर्धवट लावलेलं पझल मधून उचलल्यासारखं होतं आणि मग वाटतं कटच खराब आहे. मी एकदा असंच एक पझल वाईट म्हणून बाजूला ठेवलं होतं, दिवाळीनंतर काढलं तर व्यवस्थित बसलं. त्यामुळे पावसात घेतलेल्या पझलबद्दल मत देताना थोडं थांबावं, आणि ठेवताना झिपवाल्या पिशवीत ठेवावं.

आता लेझर आलाय. इंग्लंडमधल्या वेंटवर्थ कंपनीने 1994 पासून आणि अमेरिकेतल्या लिबर्टी कंपनीने 2005 पासून लाकडी पझलं लेझरने कापायला घेतली आणि पक्षी, माणसं, पानं असे आकाराचे तुकडे परत आले, शिवाय लेझरला डाय लागत नाही म्हणून चित्राला साजेसा कट करता येतो, म्हणजे पार्करच्या बायका जे करत होत्या त्याच्या जवळपास. कडा जळून तपकिरी होते आणि डबा उघडला की जळक्या लाकडाचा वास येतो, तो मला आवडतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जगभर पझलं संपली तेव्हा 1933 ची आठवण बऱ्याच जणांनी काढली होती. स्पेनमध्ये वायादोलिदला 2019 पासून जागतिक स्पर्धा भरते, एकट्याने 500 तुकडे, सगळ्यांना तेच पझल, आणि तिथे तर खोटा बसणारा एक तुकडा म्हणजे नंबर गेला. मैत्रिणीने 2000 वालं घेतलं, तलाव लागलाय, आता डोंगर चाललाय.