गाड्यांच्या कारखान्यात पडून राहिलेला माल नेमकं काय बिघडवतो?

कारखान्यात स्टॉक जास्त असला की काम अडत नाही, असं आपल्याला सहज वाटतं. पार्ट संपला तर लाइन थांबणार, मग भरपूर ठेवा की! पण जपानच्या टोयोटाने याच्या बरोबर उलटं करून दाखवलं आणि त्यामागचं गणित प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं, कारण लोकांना वाटतं ही फक्त गोडाऊनच्या भाड्याची बचत आहे.

जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी 1961 साली एक साधा नियम सिद्ध केला. वाटेत अडकलेला माल म्हणजे तासाला किती माल पुढे सरकतो गुणिले एकेक नग किती तास वाटेत राहतो, बस एवढंच. आता समजा लाइनवर तासाला 60 गाड्या होतात आणि प्रेस शॉप (जिथे पत्रा दाबून पार्ट घडवतात) ते वेल्डिंग यांच्यामध्ये 600 गाड्यांचे दरवाजे पडून आहेत. म्हणजे आज प्रेस झालेला दरवाजा वेल्डिंगला पोचायला 10 तास लागणार. डायला, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याला, चरा पडला असेल तर ते वेल्डिंगवाल्याला 10 तासांनी कळणार आणि तोपर्यंत मागे 600 गाड्यांचे दरवाजे तोच चरा घेऊन तयार! मध्ये 30 च गाड्यांचा माल असता तर अर्ध्या तासात बोंब झाली असती आणि डाय लगेच दुरुस्त झाली असती. खरा फायदा हा आहे, चूक लवकर सापडते.

मग सगळे स्टॉक कमी का नाही करत? कारण डाय बदलायला वेळ लागतो. मोठ्या प्रेसची डाय बदलायला चार तास जात असतील तर कोणीही म्हणेल, एकदा लावलीय ना, मग हजारो नग काढूनच घेऊ. टोयोटासोबत काम केलेले जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी लिहून ठेवलंय की 1969 मध्ये टोयोटाच्या 1000 टनी प्रेसला असेच चार तास लागायचे, ते आधी दीड तासावर आणले आणि मग चक्क 3 मिनिटांवर. युक्ती काय, तर मशीन चालू असतानाच पुढची डाय, बोल्ट, टूल सगळं तयार करून शेजारी आणून ठेवायचं आणि मशीन बंद असताना फक्त जे बंद असतानाच होऊ शकतं तेवढंच करायचं. यात फार महागडी टेक्नॉलॉजी नाही, नुसतं बारकाईने बघणं आहे, आणि मला तर हा या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग वाटतो.

कानबान कार्ड, म्हणजे किती पार्ट हवेत ते सांगणारी चिठ्ठी, त्याच्यानंतर कामाला येतं. टोयोटाचे इंजिनिअर ताइची ओनो यांनी अमेरिकन सुपरमार्केटवरून ही कल्पना उचलली, गिऱ्हाईक जेवढं नेईल तेवढंच परत भरायचं. पुढच्या स्टेशनने पार्ट वापरले की कार्ड मागे जातं, कार्ड आल्याशिवाय मागच्याने नवीन काही बनवायचं नाही. आज चाकणच्या शॉप फ्लोअरवरही कानबान हा शब्द रोजचा झालाय.

धोका अर्थात आहेच. 1 फेब्रुवारी 1997 ला जपानमधल्या कारियातल्या आइसिन या पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत आग लागली, टोयोटाचे ब्रेकचे पी-व्हॉल्व्ह (ब्रेकचा दाब सांभाळणारा छोटा पार्ट) जवळजवळ सगळे तिथेच बनायचे आणि हाताशी साठा फारच थोडा, त्यामुळे जपानमधल्या टोयोटाच्या लाइनी थांबल्या. मग इतर व्हेंडर, अगदी शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनीसुद्धा, ते व्हॉल्व्ह बनवायला लागले आणि साधारण आठवडाभरात उत्पादन बऱ्यापैकी रुळावर आलं.

पण गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक चिपचं तसं होत नाही, ती बनायलाच महिने लागतात आणि दुसऱ्या कोणाला आठवड्यात जमत नाही. म्हणून जपानमधल्या 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने चिपच्या बाबतीत पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. पार्ट परत मिळायला जेवढा वेळ, त्या हिशोबाने साठा, गणित तेच. त्यामुळे 2021 च्या चिपटंचाईत बाकीच्या कंपन्यांच्या लाइनी बंद पडत होत्या तेव्हा टोयोटा बरेच महिने तगली, सप्टेंबरमध्ये मात्र तिलाही जगभरातलं ठरलेलं उत्पादन 40 टक्क्यांनी कमी करावं लागलं.