मोटर फिरत असताना थांबणारं चाक

खेळण्यांच्या दुकानात गेलं की हल्ली दर दुसऱ्या खोक्यावर 'शैक्षणिक', 'बुद्धीला चालना देणारं', 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) असलं काहीतरी छापलेलं दिसतं. आत निघतं एक बटण. ते दाबलं की दिवे लागतात, चिरक्या आवाजात गाणं वाजतं आणि प्लॅस्टिकचा हत्ती गोल गोल फिरतो. हत्तीच्या पोटात काय चाललंय हे पोराला कळायचा मार्गच नसतो, कारण पोट चिकटवून बंद केलेलं असतं. चार दिवसांत पोर तो हत्ती आपटून फोडतं आणि बोलणी खातं. माझ्या मते त्या खेळण्यातला खरा शैक्षणिक क्षण तोच.

1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडं खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, ते चांगलंच झालं. पण ते चिन्ह खेळणं मुलाला इजा करणार नाही एवढ्यापुरतं असतं. त्यातून मूल काही शिकेल का, याची हमी कुठलंच चिन्ह देत नाही. 'स्टेम' हा शब्द तर कुणीही छापावा.

मोटरवर चालणारं, करमणूक करणारं आणि काहीतरी शिकवणारं खेळणं कसं असतं, याचा नमुना कोल्हापूरकर दरवर्षी गणपतीत बघतात. राजारामपुरीतले तांत्रिक देखावे बघायला अख्खं शहर लोटतं. पुढून राक्षस उठतो, देवी त्रिशूळ उगारते, निवेदकाचा आवाज घुमतो. काही पोरं मात्र पुढं थांबतच नाहीत. मांडवाच्या कडेनं मागं जातात आणि कापड बाजूला सारून आत डोकावतात. आत लाकडी चौकट असते, एक मोटर, तिच्या दांड्यावर बसवलेली वाकडी पट्टी, ग्रीसनं काळी झालेली सायकलची चेन. पट्टी वर गेली की पलीकडं राक्षसाचा हात वर जातो. एकदा मागून बघायचं, मग पळत पुढं जाऊन बघायचं, असं त्यांचं चाललेलं असतं. खेळणं करायचं ते या पोरांसाठी. पुढून गोष्ट दिसली पाहिजे, मागून यंत्र, आणि मागची बाजू कधीही झाकलेली नको.

आता अडचण अशी की मोटरला एकच काम येतं, न थांबता फिरणं. गोष्टीला तर थांबे लागतात. कुस्तीच घ्या. पैलवान सलामी देतात, मग क्षणभर काही नाही. मग पकड. परत थांबा. मग डाव, मग चितपट. हे चार प्रसंग एका गोल पाटावर चार बाजूंना मांडले आणि पाट नुसता मोटरला जोडला, तर जत्रेतला पाळणा होईल, कुस्ती होणार नाही. पाट पाव फेरा वळला पाहिजे, प्रसंग समोर आला की गच्च थांबला पाहिजे, आणि मोटर मात्र चालूच राहिली पाहिजे.

इथं कुणी म्हणेल, मोटर वेळेवर बंद-चालू करणारी एक चिप टाका, शंभर-दोनशेत काम होतं. होतं की. पण मग थांबण्याचं कारण पुन्हा चिकटवलेल्या पोटात गेलं. मला ते डोळ्यांना दिसायला हवंय.

त्यासाठी पाटाच्या दांड्यावर जे चाक लागतं त्याला जिनिव्हा चाक म्हणतात. जिनिव्हाच्या घड्याळवाल्यांकडून आलेलं. चार खाचांचं असलं तर ते रुंद पाकळ्यांच्या क्रुसासारखं दिसतं, म्हणून माल्टीज क्रॉसही म्हणतात. शेजारी मोटरला जोडलेली एक तबकडी सतत फिरत असते आणि तिच्यावर एक खिळा उभा असतो. फिरता फिरता खिळा चाकाच्या खाचेत शिरतो, चाकाला पाव फेरा ओढतो आणि खाचेतून बाहेर पडतो. उरलेला वेळ तबकडी आपली फिरत असते आणि चाक उभं.

नुसतं उभं नव्हे, कुलूप लावल्यासारखं. तबकडीवर खिळ्याच्या आतल्या बाजूला दुसरी एक जाड चकती असते. चाकाच्या दोन खाचांमधल्या कडेला तिच्याच गोलाईचा खळगा कापलेला असतो. चकती त्या खळग्यात घासत फिरत राहते, त्यामुळं चाकाला बोटानं ढकललं तरी ते हलत नाही. खिळ्यासमोर मात्र या चकतीला एक कोर कापलेली असते, म्हणजे वळताना चाकाची टोकं तिच्यातून निसटून जातात. हे कागदावर वाचून पटत नाही. पुठ्ठ्याचं करून हातानं फिरवलं की मोठी माणसंसुद्धा पंधरा मिनिटं सोडत नाहीत.

या चाकाशी कोल्हापूरचं नातं नवं नाही, फक्त ते अंधारात होतं. पडद्यावरच्या सिनेमात प्रत्येक चित्र क्षणभर स्थिर राहावं लागतं, नाहीतर नुसता फराटा दिसेल. जुन्या प्रोजेक्टरमध्ये ही थांबवाथांबवी हेच चार खाचांचं चाक करायचं. त्याच्याच दांड्यावर 16 दात्यांचं एक लहान चाक असायचं. पाव फेरा म्हणजे 4 दाते, आणि 35 मिमी फिल्मवर एका चित्राला भोकंही 4 असतात. सेकंदाला 24 वेळा थांबायचं आणि 24 वेळा धावायचं. इतक्या वेगात झीज होऊ नये म्हणून ही यंत्रणा तेलात बुडवून ठेवत. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या कोल्हापूरच्या दोघा चित्रकारांनी असलाच एक प्रोजेक्टर मिळवून सिनेमाच्या यंत्राचा नाद धरला. आनंदराव 1916 साली गेले. पुढं 1918 च्या सुमारास बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून इथंच चालता कॅमेरा तयार केला. कॅमेऱ्यात सहसा माल्टीज क्रॉसऐवजी फिल्म खेचणारी आकडी असते, पण प्रश्न तोच, फिरत्या हँडलमधून थांबा कसा काढायचा.

आता मापं. ज्यांना भूमितीचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल सोडावा, पण या चाकाची सगळी गंमत तिथंच आहे.

खिळा खाचेत शिरताना चाकाला धक्का बसता कामा नये. त्यासाठी शिरण्याच्या क्षणी खिळा बरोबर खाचेच्या दिशेनंच चाललेला हवा, आडवा जराही नको. खिळा नेहमी आपल्या त्रिज्येला काटकोनात चालतो. म्हणजे त्या क्षणी तबकडीची त्रिज्या आणि खाच यांच्यात काटकोन हवा. आता तीन बिंदू जोडा, तबकडीचं केंद्र, चाकाचं केंद्र आणि खिळा. खिळ्यापाशी 90 अंश. चार खाचा असल्या तर चाकाच्या केंद्रापाशी 45 अंश. म्हणजे शाळेतला 45-45-90 चा त्रिकोण. खिळा केंद्रापासून 30 मिमीवर असेल तर चाकाची त्रिज्याही 30 मिमी, आणि दोन केंद्रांमधलं अंतर 30 गुणिले वर्गमूळ 2, म्हणजे 42.4 मिमी. उरलेला कोन तबकडीपाशी, तोही 45 अंश. शिरताना 45 आणि निघताना 45, म्हणून 360 पैकी 90 अंश चाक वळतं आणि 270 अंश थांबतं. सहा प्रसंग हवे असतील तर त्रिकोण 30-60-90 चा होतो, 30 अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते, म्हणून केंद्रांमधलं अंतर सरळ 60 मिमी. तेव्हा चाक 120 अंश वळतं आणि 240 अंश थांबतं. चार खाचांचं चाक वळणाच्या मध्यावर तबकडीच्या 2.4 पट वेगानं पळतं, सहा खाचांचं तबकडीइतक्याच वेगानं. सहाचं चाक म्हणूनच जास्त शांत. दहावीत हे प्रमेय पाठ केलेल्या किती मुलांनी त्याचा खडखडाट ऐकलाय?

सांगायची बाब म्हणजे अंतर 42.4 च्या ऐवजी 45 ठेवलं तर खिळा खाचेच्या कडेवर आपटतो. टक, टक, टक. पोराला प्रमेय चुकल्याचा आवाज ऐकू येतो. तळाच्या फळीवर दांड्यासाठी एकाऐवजी दोन भोकं मुद्दाम ठेवावीत, एक बरोबर आणि एक चुकीचं.

मोटरचं सोपं आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिवळ्या डबीतली बीओ मोटर मिळते. तिच्या आतली मूळ मोटर मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे मारते आणि डबीतले गिअर तो वेग 48 पट कमी करतात. चार पेन्सिल सेलवर बाहेरच्या दांड्याला मिनिटाला साधारण 200 फेरे मिळतात. आपल्याला 10 पुरेत. आधी 1:4 आणि मग 1:5 अशा दोन पुल्या, पट्टा म्हणून रबरबँड. रबरबँड मुद्दाम, कारण बोट अडकलं तर तो घसरतो, गिअर घसरत नाहीत. मिनिटाला 10 म्हणजे 6 सेकंदांना एक फेरा. त्यात दीड सेकंद पाट वळतो आणि साडेचार सेकंद थांबतो. अख्खी कुस्ती 24 सेकंदांत निकाली.

सेल कशाला, असं विचारणारेही भेटतात. व्हॉट्सॲपवर अधूनमधून पाऱ्याचं चाक फिरत असतं, वीज नाही, इंधन नाही, 'आपल्या पूर्वजांचं विज्ञान'. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी पोकळ आऱ्यांत पारा भरलेलं, आपोआप फिरणारं चाक वर्णिलंय हे खरं. तसं चाक फिरत नाही हेही खरं. एका बाजूला पारा लांबवर सरकतो, पण त्या बाजूला आरे कमी राहतात आणि हिशेब मिटतो. भास्कराचार्य थोर ठरले ते गणितामुळं, त्यांना त्या चाकाची गरज नाही. व्हिडिओतल्या चाकाच्या बुडाखाली बघा, सेल सापडेल.

पाट थांबला, पण पैलवान हलले पाहिजेत ना. इथं कोल्हापूरचं कारखान्यांचं उद्यमनगर कामाला येतं. ऑइल इंजिनवर हात काळे केलेल्या कुणाही फिटरला विचारा, कॅम म्हणजे उंचवटा असलेलं चाक फिरतो, टॅपेट म्हणजे त्यावर टेकलेली दांडी वर जाते, व्हॉल्व्ह उघडतो, आणि हे सगळं पिस्टनच्या वेळापत्रकात बसावं लागतं. आपल्यालाही तेच करायचंय. पाट थांबला की खालून टॅपेट वर यायला हवा आणि पाट वळायच्या आत खाली जायला हवा. नाहीतर तो पाटाखालच्या दांडीत अडकून मोडेल.

हा कॅम मला 75 मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून करायला आवडतो. प्लंबिंगच्या दुकानात उरलेला तुकडा फुकट मिळतो. त्याचा परीघ 236 मिमी. तेवढ्या लांबीची कागदाची पट्टी घ्या आणि तिच्यावर आलेख काढा. आडवा अक्ष वेळेचा, उभा उंचीचा.  आधी 59 मिमीत 8 मिमी चढ, 33 मिमी सपाट माथा, पुन्हा 59 मिमीत उतार, आणि उरलेली 85 मिमी सखल. ही पट्टी पाइपभोवती गुंडाळून चिकटवा आणि रेषेवरून हॅक्सॉनं कापा. पाइपची वरची कड म्हणजे आता तो आलेखच. पाइप तबकडीच्या दांड्यावर उभा बसवा. सखल भागाचा मध्य खिळ्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला ठेवा आणि टॅपेट चाकाच्या विरुद्ध बाजूला. खिळा चाकाला ओढत असतो तेव्हा टॅपेट सखल भागावर असतो, आणि दोन्हीकडं 20-20 अंशांची मोकळीक राहते. आठवीतल्या मुलाला आलेख म्हणजे वहीतली रेषा वाटते. इथं त्यानं काढलेली रेषा पैलवानाचा हात उचलते. रेषा उभी काढली तर टॅपेट चढतच नाही, मोटर गुरगुरते आणि रबरबँड घसरतो. चढ म्हणजे काय ते फळ्यावर सांगायची गरज उरत नाही.

एकच टॅपेट आणि एकच 8 मिमी, पण पाटाखाली प्रत्येक प्रसंगाची तरफ वेगळी. सलामीत तरफेचा लांब हात वापरून दंड उंच उठतो. पकडीत दोघे नुसते पुढं झुकतात. डावात एकाची कंबर वर जाते आणि तो कलंडतो. चौथ्यात पंच जिंकलेल्याचा हात वर करतो. पैलवान शाडूचे नकोत, जड होतात आणि दर वळणावर पाट हिसका देतो. कागदाच्या लगद्याचे किंवा हलक्या लाकडाचे बरे.

सुरक्षेचं थोडक्यात. झाकण पारदर्शक ॲक्रिलिकचं आणि स्क्रूनं लावलेलं. हलत्या भागांत फट ठेवायची तर एक साधा निकष आहे, जिथं 5 मिमीची दांडी जाते तिथं 12 मिमीचीही गेली पाहिजे, म्हणजे बोट चिमटत नाही. बटण सेल अजिबात नको. गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती हे खेळणं द्यायचंच नाही.

खोक्याबरोबर चारच्या चाकासोबत सहाचं चाक आणि कोऱ्या कागदी पट्ट्या द्याव्यात. कुणी त्या पट्टीवर दोन उंचवटे काढेल आणि पैलवान दोनदा दंड थोपटेल. सूचनापत्रात एवढं एकच लिहावं की चढ आणि उतार सारखेच ठेवा. पोरं सेल उलटे घालून बघणार, बघायलाच पाहिजेत. जिनिव्हा चाकाला दिशेचं काही देणंघेणं नसतं, ते उलटंही तितकंच सुरळीत चालतं. मग आधी पंच निकाल देतो, पडलेला पैलवान उठतो, पकड सुटते आणि शेवटी दोघे एकमेकांना सलामी देतात. उतार कडेलोटासारखा उभा कापला असेल तर मात्र उलट्या फेऱ्यात टॅपेट त्या भिंतीवर अडतो, आणि कुस्ती तिथंच बरोबरीत सोडवावी लागते.